देवपुजारी विरुद्ध जहूर अहमद

घर विकत घ्यायला आलेला माणूस बयाणा न देताच उठला, तेव्हा कौमुदी देवपुजारीला आधी हसूच आलं.

माणूस साड्यांचा व्यापारी होता, बोलण्याचालण्यात सज्जन. घर त्याला मनापासून आवडलं होतं. रायपुरातली बुढापाऱ्याची गल्ली, तलाव हाकेच्या अंतरावर, खाली दुकानाचा गाळा आणि वर राहायची जागा. भावही ठरला होता. त्या दिवशी फक्त लिखापढी व्हायची होती. पण त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि खाली बघतच म्हणाला, "दीदी, बुरा मत मानिएगा. हमारे वकील साहब कह रहे हैं, ये मकान आपका है ही नहीं. वक्फ का है. आप लोग तो किराएदार हैं."

"किराएदार? भैया, मेरे दादाजी ने बनवाया है ये घर."

"बनवाया होगा. लेकिन सरकारी पोर्टल पे सकीना बीबी वक्फ के नाम चढ़ा है. देख लीजिए."

त्यानं मोबाइल पुढे केला. घराचा नंबर, गल्लीचं नाव, चारी बाजूंना कोणाची घरं, सगळं तिथं होतं आणि सगळं बिनचूक होतं. वाचता वाचता कौमुदीचं हसू विरलं. तो मजकूर तिनं स्वतः टाइप केलेला होता.

झालं होतं असं. मागच्या हिवाळ्यात बाबांचे जुने दोस्त जहूर चाचा फायलींचं गाठोडं घेऊन आले होते. देशातल्या सगळ्या वक्फ मिळकती नव्या पोर्टलवर चढवायच्या, मुदत थोडी, आणि चुकलं तर मुतवल्लीवर कारवाई. सकीना बीबी वक्फचे मुतवल्ली, म्हणजे सांभाळणारे, जहूर चाचा. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात, आणि कॉम्प्युटरसमोर बसले की घाम फुटायचा. कौमुदी शाळेत समाजशास्त्र शिकवायची, तिचा हात कीबोर्डवर भराभर चालायचा. ती हौसेनं बैजनाथपाऱ्यात त्यांच्या बैठकीत जाऊन बसली. दोन दुकानं झाली, कब्रस्तानाला लागून असलेला एक तुकडा झाला, आणि शेवटी एका पिवळ्या कागदावर आपल्याच घराचा पत्ता बघून ती हसत म्हणाली होती, "चाचा, हमारा भी लिखूँ?"

"कागज में जो है वही लिखना है, बेटी. कम लिखा तो भी मुसीबत, ज़्यादा लिखा तो भी."

तिनं लिहिलं. घरात सगळ्यांना माहीत असलेली ती गोष्ट होती. आजोबांनी, गंगाधरपंतांनी, छापखान्यासाठी वक्फकडून कर्ज घेतलं, घर त्यांच्या नावे लिहून दिलं, पुढे कर्ज फिटलं. त्याची आठवण म्हणून बाबा दर ईदला जाऊन 'भाडं' देत आणि शिरखुर्मा खाऊन येत. बाबा गेल्यावर कौमुदीनंही ते सोडलं नाही. पाहुण्यांना सांगायला बरी गोष्ट होती. त्या गोष्टीला कधी दात फुटतील, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

व्यापारी गेला. आतल्या खोलीतून आईची हाक आली.

"काहून वो, गेला का तो? पैसे देल्ले का?"

"नाही आई. कागदाचं थोडं राहिलं आहे."

"मंग लिफ्टवाल्या घरी कधी जायचं?"

रमाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, त्याला वर्ष होत आलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. दवाखान्यातून चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं, त्यानंतर त्या खाली उतरल्याच नाहीत. या घराचा जिना शिडीसारखा उभा, मध्ये एक अरुंद वळण; धडधाकट माणूससुद्धा भिंतीला हात लावून उतरायचा. खालच्या गाळ्यात बाबांच्या वेळचा फोटोफ्रेमवाला होता आणि तो हलायचं नाव घेत नव्हता. म्हणून कौमुदीनं नवा रायपुरात लिफ्टचा फ्लॅट बघितला होता. होतं नव्हतं ते घालून तो अडवून ठेवला होता. घर विकल्याशिवाय बाकीचे पैसे उभे राहणार नव्हते.

संध्याकाळी ती बैजनाथपाऱ्यात गेली. जहूर चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले.

"गलती मेरी है," ते म्हणाले. "लेकिन क्या करता? कागज में तो तुम्हारे दादा ने मकान बेचा ही है."

"बेचा? गिरवी रखा था ना?"

"गिरवी रखते तो सूद देना पड़ता. सूद वक्फ ले नहीं सकता. इसलिए बेचा."

कौमुदीला काही कळेना. तेव्हा त्यांनी तिला ते समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. सकीना बीबी ही लाखेच्या एका व्यापाऱ्याची विधवा. मूलबाळ नाही. तिनं दुकानं दिली आणि वर रोख रक्कम दिली, की शहरातल्या गरजूला जात न विचारता कर्जाऊ द्यावी, त्यातून जे येईल त्यावर मदरशाच्या मास्तरचा पगार आणि विहिरीची दुरुस्ती चालावी. ही तिची एकटीची कल्पना नव्हती. चारेकशे वर्षांपूर्वी तुर्कस्तानात, बुर्सामध्ये, इस्तंबूलमध्ये, पार तिकडे बोस्नियापर्यंत असे रोकड वक्फ गल्लोगल्ली होते. तेच तिथल्या सामान्य माणसाची बँक. कोणाला दुकान टाकायचं आहे, कोणाच्या मुलीचं लग्न आहे, तो वक्फकडे जायचा. आपलं घर वक्फला विकायचा, पैसे घ्यायचा आणि त्याच घरात भाड्यानं राहायचा. भाडं म्हणजेच व्याज, फक्त नाव वेगळं. मुद्दल परत केलं की घर परत. हिंदुस्थानातही तो रिवाज होता. कागदावर त्याला बय-बिल-वफा म्हणत, म्हणजे भरवशावरची विक्री.

"बड़े-बड़े मौलाना इस पर लड़े हैं, बेटी. एक कहता था, ये सूद ही है, बुर्का पहनाया हुआ. दूसरा कहता था, ठीक है, बंद कर दो. फिर गरीब आदमी को साहूकार के दरवाज़े कौन भेजेगा, तुम?"

"आणि खरं कोणाचं होतं?"

"दोनों का," चाचा म्हणाले. "यही तो मुश्किल है."

गंगाधरपंतांना छापखान्यासाठी पैसे लागले, तेव्हा सावकारानं नकार दिला होता. चाचांचे वडील हाफिजसाहेब त्या वेळी मुतवल्ली होते. त्यांनी पैसे दिले. पंतांनी पत्रिका छापून छापून मुद्दल फेडलं, आणि शेवटचा हप्ता हाफिजसाहेबांच्या हातावर ठेवला, तेव्हा जहूर तिथंच उभा होता, कॉलेजात जाणारा पोरगा. घर परत लिहून देण्याचं ठरलं. पण स्टॅम्पाचा खर्च मोठा. पुढच्या वर्षी करू म्हणाले. पुढच्या वर्षी पंत वारले, मग हाफिजसाहेब. शालिग्राम, कौमुदीचे बाबा, कागदाचं नाव काढायचे नाहीत. वर भाडं घेऊन यायचे.

"मैंने कितनी बार कहा, शालिग्राम, अब काहे का किराया? बोलता था, देने दो यार, अच्छा लगता है." चाचांनी पावत्यांचं पुस्तक पुढे ओढलं. "मैं भी रसीद काट देता था. उसे रसीद चाहिए होती थी, फ्रेम करके रखने जैसी. अब वही रसीदें हैं कागज पर. पूछने वाला पूछेगा, मालिक थे तो किराया क्यों दिया?"

कौमुदी उठली. चाचा दारापर्यंत आले. "मैं लिख दूँ कि गलत चढ़ गया?" त्यांनी विचारलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. असं लिहून दिलं, तर वक्फची मिळकत परस्पर सोडली म्हणून त्यांच्यावर गुन्हा दाखल होईल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"नको," ती म्हणाली. "मी आधी ऑफिसात विचारते."

वक्फ बोर्डाचं ऑफिस नवा रायपुरात. रुंद रस्ते, दुतर्फा लावलेली सारखी, गुडघाभर झाडं, आणि बस चुकली की दुसरी येईपर्यंत माणूस उन्हात वाळून जावा. तिथल्या साहेबांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली. त्यांचं बोलणंही गोड होतं. त्यांनी सांगितलं की नोंद चुकीची असेल तर मुतवल्लीनं तसं लिहून द्यावं; मात्र मुतवल्लीला मिळकत कमी करण्याचा अधिकार नाही. बोर्डाला आहे. बोर्ड सध्या अपुरं आहे. नाहीतर ट्रिब्युनल. तिथं दावा टाका.

"सर, पण दोन्ही बाजूंचं म्हणणं एकच आहे. मुतवल्ली म्हणतात घर देवपुजाऱ्यांचं, आम्हीही तेच म्हणतो. भांडणच नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मैडम, झगड़ा हो तो हम सुलझा दें," ते म्हणाले. "झगड़ा नहीं है, तो इसमें हम क्या करें?"

फ्लॅटवाल्यानं मुदत एकदा वाढवून दिली. दुसऱ्यांदा त्यानं फोन उचलणं सोडलं. पुण्याहून श्रेयसचे, धाकट्या भावाचे, रोज फोन. तो लहानपणापासून मराठी ऐकायचा आणि हिंदीत उत्तर द्यायचा, पुण्यात जाऊनही त्यात फरक पडला नव्हता.

"दीदी, तुमने खुद टाइप किया? सीरियसली? अपने हाथ से?"

"हो."

"मतलब ताला भी तुमने लगाया और चाबी भी तुमने फेंकी."

तो चुकीचं काही बोलत नव्हता.

गोष्ट गल्लीत फुटायला वेळ लागला नाही. फोटोफ्रेमवाल्यानं ती तीन दुकानं पुढं पोचवली असावी. एका सकाळी दयाराम भैया जिना चढून वर आले. वॉर्डातले पुढारी, पुढच्या निवडणुकीत उभं राहायची तयारी. पाठोपाठ कॅमेरा घेतलेला एक माणूस. दयाराम भैयांनी रमाबाईंच्या पायाला हात लावला, बिछान्याजवळ स्टूल ओढून बसले.

"माताजी, आप चिंता मत करो. ये घर आपका है, आपका रहेगा. बहनजी बस दो मिनट कैमरे पे बोल दें कि कब्जा हो गया है. आठ दिन में मंत्रालय हिल जाएगा."

कौमुदीला नाही म्हणायचं होतं. पण आईकडे तिचं लक्ष गेलं. रमाबाई खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची, बाकी काही नाही. वर्षभर त्या तीच भिंत बघत होत्या. श्रेयसनं रात्री फोनवर म्हटलेलं कानात होतं: बोल दो ना, दो लाइन ही तो हैं. आणि तिला स्वतःलाही वाटलं, की खरंच काय जातं?

ती कॅमेऱ्यासमोर बसली. नाव सांगितलं. घर कोणी बांधलं, ते सांगितलं. "आता हे घर आमचं नाही, असं कागद म्हणतो. आई अपंग आहे, मी तिला खाली नेऊ शकत नाही," इथपर्यंत ती हिंदीत नीट बोलली. मग दयाराम भैयांनी बाजूनं खूण केली. आता तो शब्द.

तो शब्द तिच्या तोंडून निघेना.

"कब्जा नाही केला कोणी," ती म्हणाली, आणि मराठीतच म्हणाली. "आजोबांनी कर्ज घेतलं होतं. हाफिजसाहेबांनी अडीअडचणीला दिलं म्हणून हे घर राहिलं."

"बहनजी, ये वाला पार्ट छोड़िए..."

तेवढ्यात बिछान्यावरून रमाबाई बोलल्या. "काहून सोडायचं? मी नवी नवरी होतो, तवा हाफिजसाहेब सोता येऊन पैसे देऊन गेले. मामंजी रडले होते त्या दिवशी. हव, मले आठवते ना. लिहून घे ते बी."

दयाराम भैया हसले, पुन्हा पाया पडले आणि निघून गेले. कौमुदीला वाटलं, संपलं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळ्या शहरात फिरत होता. त्यात ती म्हणत होती: हे घर आता आमचं नाही. आई अपंग आहे. त्यापुढं काही नव्हतं. मोठी लाल अक्षरं होती, खाली वाजणारं संगीत होतं, आणि जहूर चाचांचा कॉलेजच्या समारंभातला एक जुना फोटो.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या फाटकावर कोणीतरी काळ्या रंगानं काहीबाही लिहून ठेवलं होतं. कौमुदी शाळेतून परस्पर तिथं गेली, तेव्हा चाचांची सून ते घासून काढत होती. तिनं कौमुदीकडे पाहिलं आणि बाजूला सरून वाट दिली. दर ईदला हीच शिरखुर्म्याची वाटी पुढे करायची.

आत चाचा आरामखुर्चीत होते. कौमुदी समोर उभीच राहिली. क्षमा मागायला आली होती.

"बैठो," ते म्हणाले. "मैंने पूरा देखा नहीं. लेकिन तुम्हारी आवाज़ जहाँ कटी है, वहाँ समझ गया कि आगे कुछ था."

मग ती रडली. चाचांनी रडू दिलं.

"अब एक ही रास्ता है," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तुम मुझ पर मुकदमा करो."

"तुमच्यावर?"

"मुझ पर. सुनो, ये भी पुरानी रीत है." आणि इतक्या त्रासातही त्यांच्या आवाजात जरा मास्तर आला. तुर्कस्तानात कोणी रोकड वक्फ करायचा तेव्हा पुढे कोणी तो मोडू नये म्हणून एक नाटक करत. देणारा काझीकडे जायचा आणि म्हणायचा, माझं मन बदललं, पैसे परत द्या. मुतवल्ली म्हणायचा, नाही देत. दोघं काझीसमोर भांडायचे, काझी मुतवल्लीच्या बाजूनं निकाल द्यायचा, आणि वक्फ पक्का व्हायचा. भांडण खोटं, निकाल खरा. "वो लोग बाँधने के लिए लड़ते थे. हम खोलने के लिए लड़ेंगे. मैं लिख कर कुछ नहीं दे सकता. लेकिन कटघरे में खड़ा करके, कसम देकर मुझसे पूछा जाएगा कि कर्ज़ चुका था या नहीं, तो सच बोलने से मुझे कोई नहीं रोक सकता. न बोर्ड, न कमेटी."

कौमुदीला पहिल्यांदाच कुठूनतरी वारा आल्यासारखं वाटलं. तिनं वकील गाठला. दावा दाखल झाला. कागदावर छापलं गेलं: कौमुदी देवपुजारी विरुद्ध जहूर अहमद, मुतवल्ली. ती प्रत चाचांना दाखवायला गेली, तेव्हा दोघं हसली.

मात्र नाटक फार दिवस नाटक राहिलं नाही. व्हिडिओनंतर वक्फची कमिटी जागी झाली होती. आजवर सह्यांपुरते असणारे चार जण आता रोज बैठका घेऊ लागले. म्हातारा मऊ आहे, देऊन टाकेल, असं उघड बोललं जाऊ लागलं. त्यांनी चाचांना मुतवल्ली ठेवलं, पण वकील आपला दिला. त्या वकिलानं जे उत्तर दाखल केलं, ते कौमुदीनं शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं. त्यात म्हटलं होतं की वादी ही पिढीजात भाडेकरू आहे, तिनं मुतवल्लीच्या वार्धक्याचा गैरफायदा घेऊन त्याच्या घरी शिरकाव केला आणि वक्फच्या कागदपत्रांत ढवळाढवळ केली. खाली थरथरत्या हातानं केलेली सही होती, जहूर अहमद.

तिला माहीत होतं की हे त्यांचे शब्द नाहीत. तरी 'शिरकाव' या शब्दावर तिची नजर अडली ती अडलीच.

तिच्या वकिलानं त्याला उत्तर लिहिलं. मूळ विक्रीचा कागदच संशयास्पद असून तत्कालीन मुतवल्लीनं गंगाधर यांच्या अडचणीचा फायदा घेऊन तो करून घेतला. तत्कालीन मुतवल्ली म्हणजे हाफिजसाहेब.

"हे मी नाही लिहून देणार," कौमुदी म्हणाली.

"मैडम, उन्होंने आपको चोर लिखा है, आप फूल भेजेंगी? इतना भी नहीं लिखा तो केस पहली पेशी में गिर जाएगा. फिर माताजी को कहाँ ले जाएँगी?"

तिनं सही केली. घरी येऊन आईला जेवायला वाढताना तिनं भाजी ताटाबाहेर सांडली.

"काय झालं वो?"

"काही नाही. भाजी गरम आहे."

फ्लॅट तोवर दुसऱ्याला विकला गेला. भरलेल्या पैशांतले निम्मे परत मिळाले. कमिटीनं नवी नोटीस पाठवली: भाडं आजच्या बाजारभावानं द्यावं. ट्रिब्युनलनं सांगितलं, वाद मिटेपर्यंत ते पैसे इथं जमा करा. म्हणजे आपल्या घराचं भाडं भरणं चालूच राहिलं, फक्त आता त्याबरोबर शिरखुर्मा नव्हता. सोडावं तर घर जातं, आणि धरून बसावं तर आई त्या खिडकीपाशीच. फोटोफ्रेमवालाही भाडं देईनासा झाला. मालक कोण, ते ठरल्यावर देतो म्हणाला.

पहिल्या तारखेला चाचांनीच फोन केला. "ऑटो कर रहा हूँ. तुम्हें गली के मोड़ से ले लूँगा. इतनी दूर दो ऑटो क्यों जाएँ?"

वादी आणि प्रतिवादी एकाच ऑटोतून निघाले. जुनं शहर मागं पडलं, रस्ते रुंद झाले. वाटेत दोघं खटल्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीत. चाचांनी रमाबाईंच्या पायाची चौकशी केली, कौमुदीनं त्यांच्या दम्याची. ट्रिब्युनलची इमारत दिसू लागली, तसं चाचांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला.

"यहीं रोक दो, भैया."

"चाचा, अजून लांब आहे. ऊन किती आहे!"

"वकील ने कहा है, साथ मत दिखना. कमेटी के लोग गेट पर रहते हैं." ते कष्टानं उतरले. "तुम थोड़ा रुक कर आना."

ते चालू लागले. पांढरा कुर्ता, हातात छत्री, जी ते उघडत नव्हते कारण दुसऱ्या हातात फाइल होती. लांबलचक सरळ रस्ता, सावलीचं एक झाड नाही. थोडं चालायचे, थांबून श्वास घ्यायचे, पुन्हा चालायचे. कौमुदी ऑटोत बसून होती. तिला धावत जाऊन ती छत्री उघडून धरायची होती. ड्रायव्हरनं एकदा आरशातून तिच्याकडे पाहिलं. चाचा फाटकातून दिसेनासे झाल्यावर ती म्हणाली, "चलो."

त्या दिवशी ट्रिब्युनल बसलंच नाही. एका सदस्याची जागा रिकामी होती. पुढची तारीख मिळाली. त्या तारखेला कमिटीच्या वकिलानं मुदत मागितली. नंतरच्या तारखेला साक्षीदारांच्या यादीचा वाद निघाला. प्रत्येक वेळी चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून यायचे, साक्ष द्यायला तयार होऊन, आणि प्रत्येक वेळी न बोलता परत जायचे. कर्ज फिटलं, हे बघितलेला तो एकच माणूस उरला होता. मधल्या थंडीत त्यांना निमोनिया झाला. सगळे दवाखान्यात गेले. कौमुदी जाऊ शकली नाही. कमिटीची माणसं तिथं बसून होती आणि वकिलानं ताकीद दिली होती: साक्षीदाराला भेटलात, तर त्याच्या साक्षीची किंमत शून्य. तिनं सुनेला फोन केला. सुनेनं उचलला, "ठीक हैं," एवढंच म्हणाली, पण फोन लगेच ठेवला नाही. दोघी थोडा वेळ तशाच धरून राहिल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी जी तारीख पडली, त्या दिवशी चाचा ऑटोतून आले नाहीत. कमिटीनं गाडी पाठवली होती. आता गाडी त्यांना आणायची आणि परत न्यायची. कोर्टाच्या बाकांवर दोघं समोरासमोर बसली, मध्ये वकील. चाचा फार वाळले होते. पुकारा झाला. देवपुजारी विरुद्ध जहूर अहमद. चाचा उठायला लागले, तर वकिलानं त्यांचा हात दाबून खाली बसवलं आणि स्वतः उभा राहिला. नवी तारीख.

बाहेर पडताना दारात गर्दी झाली आणि ती क्षणभर त्यांच्याजवळ ढकलली गेली. चाचा तिच्याकडे न बघता पुटपुटले, "रमा भाभी को सलाम कहना." मग त्यांना गाडीत बसवलं, दार लागलं.

कौमुदी बस स्टॉपवर येऊन उभी राहिली. तिथं आणखी एक बाई होती, तिच्याएवढीच, बाकावर बसलेली, शेजारी कागदांची पिशवी. रस्ता दोन्हीकडे मोकळा पडला होता.

"आपका भी केस है?" बाईनं विचारलं.

"हव."

"किसके खिलाफ?"

कौमुदीनं सांगायला तोंड उघडलं, आणि नाव घेता घेता थांबली.

"घर के ही हैं," ती म्हणाली.

बाईनं मान हलवली आणि पिशवी बाजूला घेऊन तिला बसायला जागा केली. "हमारा भी घर का ही है," ती म्हणाली. "बस का कुछ पता है, कब आएगी?"

"कुछ पता नहीं," कौमुदी म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली.